एकच आत्मा, तीन गिऱ्हाइकं

‘हेलब्लेझर’ हे मासिक कॉमिक गार्थ एनिसच्या हाती आलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. उत्तर आयर्लंडचा मुलगा, नावावर मोजक्याच गोष्टी, आणि समोर दुसऱ्यांनी सहा वर्षं जोपासलेला लोकप्रिय नायक. असा नवखा लेखक सहसा जपून पावलं टाकतो. एनिसनं पहिल्याच अंकात नायकाला फुप्फुसाचा कॅन्सर दिला, तोही डॉक्टरांनी हात टेकावेत अशा टप्प्यावरचा. १९९१च्या मे महिन्याचा तो ४१वा अंक. तिथून ४६व्या अंकापर्यंत चाललेली ही गोष्ट पुढे ‘डेंजरस हॅबिट्स’ या नावानं पुस्तकरूपात आली. आज कोणी नव्यानं विचारलं, की हेलब्लेझर कुठून वाचायला घेऊ, तर बरेचसे जुने वाचक याच पुस्तकाचं नाव सांगतात.

मलाही हे पुस्तक फार आवडतं, पण ते ज्यासाठी नावाजलं जातं त्यासाठी नाही. नावाजलं जातं ते शेवटच्या डावासाठी. मरणाच्या दारातला एक माणूस खुद्द सैतानाला असा कोंडीत पकडतो, की सैतानालाच त्याचा जीव वाचवावा लागतो. डाव झकास आहे, त्यात वाद नाही. पण फक्त डावावर उभी असलेली गोष्ट एकदा कळली की संपते. ‘डेंजरस हॅबिट्स’ डाव पाठ झाल्यावरही पुन्हा वाचावंसं वाटतं, आणि तसं का वाटतं हे शोधायचं तर डावाच्या अलीकडे आणि पलीकडे पाहावं लागतं.

जॉन कॉन्स्टन्टाईन कॉमिकच्या जगात आला तो पाहुणा म्हणून. १९८५ साली ॲलन मूर ‘स्वॅम्प थिंग’ लिहीत होता. त्याचे चित्रकार स्टीव्ह बिसेट आणि जॉन टोटलबेन यांना स्टिंग या गायकाच्या चेहऱ्याचं एक पात्र काढायची हौस होती. मूरनं ती पुरवली आणि ३७व्या अंकात हा इसम येऊन उभा राहिला. विस्कटलेले पिवळे केस, सैल टाय, चुरगळलेला ट्रेंचकोट, बोटांत सिगारेट. लिव्हरपूलच्या कष्टकरी घरातला, तोंडानं फटकळ, आणि प्रत्येक गोष्ट आपल्याला आधीपासूनच माहीत आहे असा आव आणणारा. पाहुणा इतका रंगला की १९८८मध्ये त्याला स्वतःचं मासिक मिळालं. पहिला लेखक जेमी डेलानो. हे मासिक काढणाऱ्या प्रकाशनाचे इतर नायक लाल झगे पांघरून आकाशातून उडत असताना हा गडी लंडनच्या भुयारी रेल्वेनं फिरायचा. डेलानोनं त्याला थॅचरबाईंच्या ब्रिटनमध्ये आणून उभं केलं. तिसऱ्याच अंकात १९८७ची निवडणूक आहे आणि सुटाबुटातले राक्षस शेअर बाजारासारखा आत्म्यांचा व्यापार करताहेत. त्या काळची ब्रिटिश चीड कॉमिकच्या पानावर अशी थेट उतरलेली क्वचितच दिसते.

कॉन्स्टन्टाईन जादूगार आहे, पण जादू त्याच्याकडे बेताचीच. त्याचं भांडवल म्हणजे ओळखी, थापा आणि समोरच्याला नेमकं काय हवंय हे हेरणारी नजर. या भांडवलाचं व्याज मात्र दरवेळी दुसरंच कोणीतरी भरतं. मासिकाच्या पहिल्याच गोष्टीत भुकेचा राक्षस आवरण्यासाठी तो गॅरी लेस्टर या जुन्या मित्राचा बळी देतो. त्याआधी, तरुणपणी, न्यूकॅसलमध्ये ॲस्ट्रा नावाच्या एका लहान मुलीला एका पिशाच्चापासून वाचवायला त्यानं दुसरं, मोठं पिशाच्च बोलावलं आणि ते पिशाच्च मुलीलाच नरकात घेऊन गेलं. मेलेल्या मित्रांची भुतं त्याच्या मागेमागे फिरतात. बोलत काही नाहीत, नुसती बघत राहतात.

मराठी वाचकाला इथे जरा बिचकायला होतं, निदान मला झालं होतं. आपल्याकडे भयकथेतला तारणहार म्हटलं की नारायण धारपांचा समर्थ आठवतो. अनिष्टाशी झुंजणारा, पण स्वतः निर्मळ, आणि निर्मळ आहे म्हणूनच समर्थ. तो आला की वाचकाच्या जिवात जीव येतो. कॉन्स्टन्टाईन दारात उभा राहिला, तर शहाण्या माणसानं कडी लावून घ्यावी. तो ज्यांना वाचवायला येतो त्यांच्यातले निम्मे त्याच्यामुळेच जातात. अशा माणसावर जीव का जडावा? हजारो पानं उलटून झाल्यावरही त्याच्या वाचकांना हे उत्तर नीट देता येत नाही, आणि त्यांना ते द्यायचंही नसतं.

अशा माणसाला एनिसनं आजारी पाडलं. त्या काळी सुपरहिरोंच्या मासिकात नायकाला मारायचं तर सहसा राक्षस लागायचा, स्फोट लागायचा, निदान दुसऱ्या ग्रहावरून कोणीतरी यावं लागायचं. इथे काय आहे, तर सिल्क कटची पाकिटं. दिवसाला तीसेक सिगारेटी, वर्षानुवर्षं. खोकला येतो, खोकल्यात रक्त येतं, तपासणी होते, डॉक्टर सांगतो. सगळं इतक्या साध्या क्रमानं घडतं, की नरकाच्या वाऱ्या करून आलेला हा माणूस दवाखान्याच्या खुर्चीत बसल्यावर कोणीही सामान्य रुग्ण दिसू लागतो. त्याला सैतानाची नावं ठाऊक आहेत, मंत्र ठाऊक आहेत, नरकाचे कायदे ठाऊक आहेत. यातलं काहीच एक्स-रेच्या फिल्मवर चालत नाही. वय अडतीस. हेलब्लेझरची एक गंमत इथे सांगायला हवी: कॉन्स्टन्टाईनचा जन्म १९५३चा, आणि या मासिकात तो वाचकांबरोबर वर्षाला वर्ष म्हातारा होत गेला. सुपरमॅन कायम तिशीतला, हा मात्र चाळिशीकडे चाललेला. त्यामुळे हे दुखणं गोष्टीपुरतं बाहेरून चिकटवल्यासारखं वाटत नाही. शरीर झिजू शकणारा नायक आधीपासून होताच, एनिसनं ते झिजणं एका जागी गोळा केलं.

पुढचा अंक हा माझ्या मते या पुस्तकाचा कळस, आणि तो दुसऱ्याच भागात येतो. कॉन्स्टन्टाईन आयर्लंडला ब्रेंडन फिन या जुन्या मित्राकडे जातो. ब्रेंडनही जादूगार आणि मद्याचा भक्त. पिऊन पिऊन त्याच्या यकृताचं वाटोळं झालंय. एक फुप्फुसानं मरतोय, दुसरा यकृतानं, आणि दोघंही एकमेकांची मदत मागायला बसले आहेत. कोणाकडेच देण्यासारखं काही नाही हे कळायला फार वेळ लागत नाही. मग काय करायचं? प्यायचं. घराखालच्या तळघरात पवित्र पाण्याचा झरा आहे आणि मेणबत्तीच्या जादूनं ब्रेंडननं त्याची काळी, फेसाळ स्टाउट बिअर करून ठेवलीय. पवित्र पाण्याची बिअर! कॅथलिक आयर्लंडची एवढी प्रेमळ टिंगल उत्तर आयर्लंडच्याच माणसाला सुचावी.

या गप्पांना एनिस जी जागा देतो ती पाहण्यासारखी आहे. मासिकाचा अंक मोजक्या पानांचा. त्यात पुढचं संकट उभं करायचं, राक्षस आणायचा, महिनाभर पुरेल असा शेवट साधायचा. तरी दोन दोस्त पीत बसलेत, जुन्या भानगडी काढताहेत, एकमेकांना शिव्या देताहेत, यात तो पानंच्या पानं घालवतो. संवादाचे फुगे छोटे छोटे, एकाचं वाक्य दुसऱ्यानं तोडलेलं. मरणाचा उल्लेख येतो आणि विनोदाखाली दबतो, पुन्हा वर येतो, पुन्हा दबतो. पिणाऱ्या पुरुषांच्या मैत्रीत जे बोलायचं असतं ते कधीच सरळ बोललं जात नाही, हे या लेखकाला विशीतच नीट ठाऊक होतं. पुढे ‘प्रीचर’मध्ये आणि आणखी पुढे ‘द बॉइज’मध्ये (हिची मालिका आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिलीय) त्यानं रक्ताचे पाट वाहवले, देवाधर्मावर दात काढले. पण बारमधली दोन माणसं त्याच्याइतकी चांगली फार थोड्यांना जमतात.

ब्रेंडननं आपला आत्मा सैतानाला विकलेला असतो. बदल्यात काय मागावं? अमरत्व नाही, सत्ता नाही. जगातल्या उत्तमोत्तम मद्यांचा संग्रह. आता मुदत भरलीय आणि मध्यरात्रीच्या आत वसुलीला सैतान स्वतः येणार आहे. या मालिकेत त्याचं नाव ‘फर्स्ट ऑफ द फॉलन’, म्हणजे स्वर्गातून पडलेल्यांतला पहिला. ब्रेंडन प्राण सोडतो, पहिला पतित तळघरात येतो, आणि कॉन्स्टन्टाईन त्याच्यासमोर बिअरचा पेला धरतो: एवढा लांबून आलात, एक घोट तर घ्या. सैतान पितो. मेणबत्ती विझते, जादू उतरते, आणि सैतानाच्या पोटातली बिअर पुन्हा पवित्र पाणी होते. तो तडफडतोय तोवर मध्यरात्र टळते. ब्रेंडन सुटतो.

मित्र सुटला, पण आता खुद्द पहिल्या पतितानं कॉन्स्टन्टाईनचं नाव लिहून घेतलंय. याआधी नरक त्याच्यासाठी एक शक्यता होती. आता तिथे एक जण वाट पाहत बसलाय, आणि कॅन्सर त्याचा जिना झालाय. मरणाची भीती एनिस अशी दुहेरी करतो. कॉन्स्टन्टाईनच्या आयुष्यातलं बहुधा सर्वांत निःस्वार्थ काम हेच, आणि त्याचीच ही शिक्षा. पुण्य केलं की फळ मिळतं ही समजूत या पुस्तकानं इथेच उधळून लावलीय.

तिसरा भाग मला फिका वाटतो. कॉन्स्टन्टाईन देवदूत गॅब्रिएलकडे मदत मागतो. हा गॅब्रिएल लंडनच्या उच्चभ्रू क्लबात बसणारा, नाक वर करून बोलणारा. कल्पना छान आहे. स्वर्ग म्हणजे ब्रिटिश वरिष्ठ वर्गाचाच विस्तार असणार, ही चपराक लिव्हरपूलच्या पोराच्या तोंडी शोभते. पण नकार येणार हे पहिल्या चौकटीपासून दिसतं आणि प्रसंग तेवढ्यावरच राहतो. चौथ्या भागात तो आपल्या माणसांचा निरोप घेत फिरतो आणि एकीकडे काहीतरी शिजवत असतो. काय शिजतंय ते वाचकाला सांगितलं जात नाही.

आणि मग तो डाव. नरकाचे धनी तिघं आहेत: पहिला, दुसरा आणि तिसरा पतित. पहिला तर टपून बसलेलाच. कॉन्स्टन्टाईन इतर दोघांना गुपचूप गाठतो आणि एकमेकांना पत्ता लागू न देता दोघांनाही आपला आत्मा विकतो. मग स्वतःच्या मनगटाच्या शिरा कापतो. वसुलीला तिघंही हजर! एकच फ्लॅट तीन गिऱ्हाइकांना विकून बिल्डर गायब व्हावा तसला हा मामला. फरक एवढाच की हा बिल्डर पळत नाही, फ्लॅटमध्येच रक्ताच्या थारोळ्यात पडून तिघांची तोंडं बघत राहतो. आत्मा कोणाचा? एकानं नेला तर बाकीचे दोघे ऐकणार नाहीत. भांडले तर नरकात यादवी माजणार, आणि स्वर्ग त्याचीच वाट पाहतोय. मग उपाय एकच उरतो: हा माणूस मरताच कामा नये. जगातल्या सर्वांत दुष्ट तीन शक्ती एकत्र येऊन त्याचा कॅन्सर बरा करतात, दातओठ खात, आणि यातना द्यायची एकही संधी न सोडता. बरा झाल्यावर तो त्यांना जो हातवारा करून दाखवतो तो इथे लिहिण्यासारखा नाही. वाचकांच्या भिंतींवर आणि टीशर्टांवर तो आजही आहे.

सैतानाला फसवणाऱ्यांची युरोपात जुनी परंपरा आहे आणि एनिसच्या आयर्लंडात तर तिचा मूळपुरुषच सापडतो. कंजूष जॅकनं सैतानाला वारंवार बनवलं. मेल्यावर त्याला स्वर्गानं घेतलं नाही आणि नरकानंही नाही, तेव्हापासून तो पोखरलेल्या सलगमात निखारा घेऊन अंधारात भटकतो म्हणतात. कॉन्स्टन्टाईन त्याच घराण्यातला. पण वाचताना मला राहून राहून आठवली ती सावित्री. ती यमाकडून एकेक वर घेत जाते आणि शेवटी शंभर पुत्रांचा वर मागून त्याला त्याच्याच शब्दात बांधते. आता सत्यवान परत दिल्यावाचून यमाची सुटका नाही. तिथेही मृत्यूला हरवलं ते कलमानं. मात्र सावित्रीच्या मागे तिचं व्रत आहे, तिची निष्ठा आहे, आणि यमही तिच्यावर प्रसन्न आहे. कॉन्स्टन्टाईनच्या मागे काही नाही. तो वाचतो कारण त्याचा आत्मा इतका बरबटलेला आहे की तिघांनाही तो हवासा वाटतो. सज्जन माणसाला हा डाव टाकताच आला नसता. त्याच्याकडे विकायला असं काही नसतंच.

म्हणूनच मॅट इतका महत्त्वाचा. मॅट हा इस्पितळात भेटलेला वयस्क माणूस, त्यालाही फुप्फुसाचा कॅन्सर. त्याचा जादूटोण्याशी संबंध नाही, नरकात वट नाही. दोघं गप्पा मारतात, थट्टा करतात, मरणाची भाषा एकमेकांशी बोलू शकणारी ती दोनच माणसं. कॉन्स्टन्टाईन डाव जिंकतो तो पाचव्या भागात. सुपरहिरोची गोष्ट असती तर तिथेच पडदा पडला असता. एनिस आणखी एक पूर्ण अंक लिहितो, आणि त्यात मॅट मरतो. त्याच रोगानं, ठरल्याप्रमाणे, कुठलीही कलाटणी न येता. कॉन्स्टन्टाईन धडधाकट होऊन त्याच्याजवळ आहे आणि तिघा सैतानांना नाचवणारी त्याची अक्कल इथे कवडीच्या उपयोगाची नाही.

या पुस्तकाबद्दल वाचकांत जो मुख्य वाद आहे त्याचं उत्तर मला इथे सापडतं. वाद असा: काहींना हा शेवट फसवणुकीचा वाटतो. अंकामागून अंक कॅन्सरसारखा खराखुरा आजार दाखवायचा, वाचकाला हळवं करायचं आणि मग राक्षसांकरवी तो काढून टाकायचा! घरात हा आजार पाहिलेला वाचक चिडला तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो, अरे, ही चकवेगिरीचीच मालिका आहे, नायकानं इथे चकवलं नाही तर कुठे चकवायचं? मला वाटतं, एनिसला दोन्ही बाजू ठाऊक होत्या आणि त्यानं मॅटला त्यासाठीच आणलं. हा उपाय ज्याला सापडला तो नीच आहे म्हणून सापडला, आणि दुसऱ्या कोणाला तो देता येत नाही, हे तो स्वच्छ दाखवतो. कॅन्सरला हरवलं असा दावा पुस्तक करतच नाही. एका बदमाशानं एका दिवशी पळवाट काढली, एवढंच त्याचं म्हणणं आहे. शिवाय तो बदमाश सिगारेटही सोडत नाही. वाचल्याबद्दल कृतज्ञता नाही, पश्चात्तापाचं प्रवचन नाही. मला हा प्रामाणिकपणा पटतो, जरी डॉक्टर मित्रांना हे पुस्तक भेट द्यायचं धाडस मी करणार नाही.

हा वाद कोणत्या साली वाचलं यावरही ठरतो. १९९१मध्ये ज्यांनी ते महिन्याला एक अंक असं वाचलं त्यांच्यासाठी कॉन्स्टन्टाईन खरोखरच मरू शकत होता. लेखक नवा, मासिक प्रौढांसाठीचं, नायक आधीच म्हातारा होत चाललेला. एका अंकातलं निदान ते शेवटचा डाव, यात महिने गेले, आणि रुग्णाचे नातेवाईक काढतात तसे ते वाचकांनी काढले. पुढच्याच वर्षी, १९९२च्या नोव्हेंबरात, याच प्रकाशनानं सुपरमॅनला मारलं. अंक लाखोंनी खपले आणि वर्षभरात सुपरमॅन परतलाही. मरण ही जाहिरात होऊ शकते हे तेव्हा कळलं, आणि त्यानंतरच्या वाचकाचा नायकाच्या मरणावरचा विश्वास उडाला. आज पुस्तक उघडणाऱ्याला आधीच माहीत असतं की मालिका २०१३पर्यंत, ३०० अंक चालली. त्याला ‘मरेल का’ हा प्रश्न पडतच नाही, ‘कसा सुटेल’ एवढाच उरतो. साहजिकच तो डावाचं कौतुक करतो आणि मॅटला ओलांडून पुढे जातो. पुस्तकरूपानं या गोष्टीला दीर्घायुष्य दिलं आणि तिची सगळ्यांत मोठी भीती काढून घेतली.

२००५चा चित्रपट तर वाचकांच्या रागाचं कायमचं इंधन आहे. फ्रान्सिस लॉरेन्सच्या ‘कॉन्स्टन्टाईन’मध्ये कियानू रीव्ह्ज काळ्या केसांचा, लंडनऐवजी लॉस एंजेलिसमध्ये. वाचकांचा पहिला संताप या वरवरच्या बदलांवर होता, आणि तो समजण्यासारखा आहे. लिव्हरपूलचा उद्धटपणा कॅलिफोर्नियाच्या उन्हात सुकून जातो. पण खरा घोळ वेगळाच आहे. चित्रपटानं कथेचा सांगाडा याच पुस्तकातून घेतला: फुप्फुसाचा कॅन्सर, कापलेली मनगटं, सैतानाकडून बरं होणं, हातवारासुद्धा. मात्र तिथला नायक सैतानाकडे स्वतःसाठी काही मागतच नाही. तो दुसऱ्या एका स्त्रीच्या आत्म्याची सुटका मागतो. या त्यागामुळे तो स्वर्गाला पात्र होतो, आणि स्वर्ग त्याला नेऊ नये म्हणून सैतान त्याचा रोग उपटून काढतो. शेवटी तो सिगारेटऐवजी च्युइंगम चघळतो. युक्ती वाईट नाही, चित्रपट म्हणूनही तो मला आवडला. पण एनिसचा नायक नालायक आहे म्हणून वाचतो आणि चित्रपटातला लायक ठरल्यामुळे. आतली यंत्रणाच उलटी फिरवली की केस पिवळे ठेवून तरी काय मोठा फरक पडला असता?

२०१४च्या दूरचित्रवाणी मालिकेत वेल्सचा मॅट रायन कोट, टाय, केस, उच्चार सगळं घेऊन आला आणि वाचकांनी त्याला आपला मानला. पण नेटवर्क वाहिनीवर नायकाला मनसोक्त धूर काढू देणं अवघड, आणि सिगारेट चोरून ओढणारा कॉन्स्टन्टाईन म्हणजे लाज वाटणारा कॉन्स्टन्टाईन. मालिका तेरा भागांत आटोपली. कॉमिकमध्ये ३००व्या अंकानंतर प्रकाशनानं मूळ मासिक बंद करून सुपरहिरोंच्या जगातला तरुण कॉन्स्टन्टाईन पुढे केला. वयानं आपल्याबरोबर वाढलेला माणूस अचानक पोरगेला झालेला पाहून जुन्यांनी हळहळ व्यक्त केली ती आजतागायत. सायमन स्पुरियरनं २०१९मध्ये म्हाताऱ्या, कडवट जॉनला परत आणलं तेव्हा तेच वाचक हरखले, आणि बारा अंकांत ते थांबलं तेव्हा पुन्हा वैतागले. या वाचकवर्गाला खूश ठेवणं कठीण आहे. त्यांचा नायकही कोणाला खूश ठेवत नाही, म्हणजे जमतं दोघांचं.

सगळ्यात चमत्कारिक प्रतिक्रिया मात्र त्याच्या जन्मदात्याची. ॲलन मूरनं सांगितलेला किस्सा असा की एकदा तो लंडनमध्ये सँडविचच्या दुकानात बसला होता आणि जिन्यावरून कॉन्स्टन्टाईन वर आला. तोच कोट, तसेच केस. त्यानं मूरकडे पाहिलं, हसून मान हलवली आणि कोपऱ्यामागे गेला. मूरला वाटलं उठून बघावं, पण तो उठला नाही. सँडविच संपवून निघून गेला. डेलानोलाही ब्रिटिश म्युझियमजवळ तो दिसला होता म्हणे. मूर असल्या गोष्टी अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगतो, त्यामुळे किती मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्याचं न उठणं भलतंच शहाणपणाचं वाटतं. त्या कोपऱ्यामागे गेलेल्यांचं पुढे काय होतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

चित्रांबद्दल तक्रार केली जाते आणि ती पूर्ण खोटी नाही. चित्रकार विल्यम सिम्प्सन, हाही बेलफास्टचा. पुढे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची दृश्यं चित्रीकरणाआधी कागदावर उतरवणारा म्हणून त्याचं नाव झालं. या अंकांत त्याच्या पेन्सिलीवर शाई चढवणारे हात बदलत राहिले आणि कॉन्स्टन्टाईनचा चेहरा एका अंकात कोरीव तर दुसऱ्यात सुजल्यासारखा दिसतो. राक्षस काही ठिकाणी अगदीच पोथीतले, शिंगं-दात छापाचे. मात्र आजारी शरीर सिम्प्सनला फार चांगलं दिसतं. ओठाच्या कडेचं रक्त, खोकताना आत वळलेले खांदे, रात्री जागणाऱ्या माणसाच्या डोळ्यांखालची काळी अर्धवर्तुळं. ब्रेंडनच्या तळघरातला मेणबत्तीचा उजेडही लक्षात राहतो: पेल्यांवर आणि हातांवर पडलेला, चेहरे अर्धे अंधारात. स्टीव्ह डिलन नंतर आला आणि एनिसची जोडी त्याच्याशी जमली ती कायमची. डिलनच्या चौकटी जास्त स्वच्छ, हावभाव जास्त नेमके. तरी हे सहा अंक त्याच्या नीटनेटक्या रेषेत मला कल्पवत नाहीत. दुखण्याला थोडी खरखर हवी.

वाचायचंच झालं तर नव्या संग्रहमालेचा २०१३मध्ये निघालेला पाचवा खंड घ्यावा. त्यात डेलानोच्या कारकिर्दीचे शेवटचे अंक आधी आहेत आणि मग एनिस सुरू होतो. डेलानोचं गद्य दाट, कवितेकडे झुकणारं, पानभर मजकुराचं. त्यावरून उतरून एनिसच्या तोडक्या बोलण्यात आलं की खोली बदलल्यासारखं होतं. घाई असलेल्यानं सरळ ४१व्या अंकावर जावं, बिघडत काही नाही. आणि तीन गिऱ्हाइकांच्या व्यवहाराचं पुढे काय झालं हे जाणून घ्यायचं असेल तर एनिसचीच ‘रेक ॲट द गेट्स ऑफ हेल’ ही १९९४ची गोष्ट आहे, त्याच्या लेखनपर्वाची अखेर. पहिला पतित तिथे बाकीच्या दोघांचा काटा काढून, एकटा मालक होऊन वसुलीला परत येतो. आपणच ठेवलेली पळवाट एनिस आपल्या हातानं बुजवतो, आणि या वेळी कॉन्स्टन्टाईनला नवीन काहीतरी शोधावं लागतं.